खालचा गोल

रविवार, ५ नोव्हेंबर

ताई,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. दोन वर्षं आणि सात महिने आपण बोललो नाही. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून माझी बोबडी वळली असती आणि तू ठेवून दिला असतास. पत्राला निदान खाली ठेवायला बटण नसतं.

उगाच प्रेमाचा आव आणत नाही. काम आहे म्हणून लिहिते, आणि काम धाकटीचं आहे.

ती कशी होती ते तुला वेगळं सांगायला नको. तू दारात उभी राहून चार आकडे म्हणायचीस आणि ती चपला घालता घालता बेरीज सांगायची. मोठी बोटं मोजत मागे राहायची आणि रडायची. त्याच धाकटीच्या वर्गबाईंनी गेल्या आठवड्यात मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, पाचवीतल्या मुलीला तिसरीची गणितं येत नाहीत. वही उघडून दाखवली. सत्तावीस अधिक छत्तीस, उत्तर त्रेपन्न. पुढची दोन पानं तशीच. बाईंनी चुकलेल्या उत्तरांवर फुलीसुद्धा मारली नव्हती, नुसतं लाल टिंब ठेवलं होतं. फुल्या मारून दमल्या असाव्यात.

दहा जानेवारीला त्यांच्याकडे परीक्षा आहे. त्यात जी मुलं खाली येतील त्यांना उजळणी वर्गात बसवणार. जिन्याखालची खोली आहे ती. तिथे जुनीच पुस्तकं पुन्हा वाचतात आणि तिथून वर आलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही.

शिवाय आमच्याकडे शिष्यवृत्ती योजनेच्या निकालाचा निळा कागद आहे. सोडतीचं तुला माहीत आहे, चाचण्यांचं नसेल, तू तोवर निघून गेली होतीस. सोडतीत ज्यांचं नाव लागलं ती मुलं आणि ज्यांचं लागलं नाही तीही, दोन्हीकडच्यांची दर वर्षी एकच चाचणी घेतात. खासगी शाळेत घातल्याने अभ्यासात फरक पडतो का, ते त्यांना बघायचं असतं. आमच्या तर एकाच घरात दोन्ही बाजू, मोठी आत आणि धाकटी बाहेर, त्यामुळे चाचणीवाल्या बाईंना आम्ही फार आवडतो. पहिल्या वर्षी धाकटी मोठीच्या पुष्कळ वर होती. मागच्या वर्षी एकदम तळाला.

डोळे तपासले. कान तपासले. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे. ताई, मला भीती वाटते. शिलाई मशीनवर बसले की वाटते, रस्ता ओलांडताना वाटते. काहीतरी तिच्या आतून गळून गेलंय आणि मला ते जमिनीवर सापडत नाही असं वाटतं. तू आयुष्यभर गणित शिकवलंस. सांग, असं होतं का कधी एखाद्या मुलाचं?

त्या दिवशी मी तुला जे बोलले ते इथे काढत नाही. काढलं तर पत्र पुरं होणार नाही.

तुझी,
बडबडी


रविवार, १९ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड पोचलं. मायना नाही, सही नाही, तीन प्रश्न आणि त्यांना आकडे. पत्र आहे की प्रश्नपत्रिका, असं हे म्हणाले. मी मात्र ते देव्हाऱ्यात ठेवावं तसं मशीनच्या खणात जपून ठेवलंय.

पहिला प्रश्न: लिहिताना चुकते की तोंडीही? दुसरा: परीक्षेतच चुकते की रोजच्या व्यवहारातही? मी दोन्ही एकदम तपासले. मंगळवारी तिला शाळेतून थेट माझ्या कामावर, पडद्यांच्या दुकानात नेलं. मालक मापं घ्यायला बाहेर गेले होते. मी कापडाचा गठ्ठा उलगडता उलगडता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आठ फुटांची खिडकी आहे. चुण्यांसाठी अडीच पट कापड, दोन्ही बाजूंना चार-चार इंच मुडप. चोपन्न इंची पन्हा. किती तुकडे लागतील गं?"

ती टेपशी खेळत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस फूट आठ इंच. म्हणजे पाच तुकडे, आणि बावीस इंच उरेल."

मला हे करायला कागद, पेन आणि दोन कप चहा लागतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, पोरगी शाबूत आहे, असं वाटलं. तेवढ्यात ती उठली, दुकानाच्या काचेच्या दाराशी गेली, रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहून आली आणि हळूच म्हणाली, "हे शाळेत नको सांगूस हं."

मी विचारलं, का. ती म्हणाली, "असंच." दहा वर्षांच्या मुलीचं असंच मी ओळखते, पण हे तसं नव्हतं.

तुझा तिसरा प्रश्न, कधीपासून. ते नेमकं सांगता येणार नाही. मागच्या वर्षीपासून म्हण. तेव्हा घरात काय चाललं होतं ते सांगते, त्यावरून तूच काय ते ताड.

मोठीचं नव्या शाळेत काही बरं चाललं नव्हतं. शाळा मोठी, मैदान मोठं, पण शिकवायची भाषा वेगळी, पुस्तकं वेगळी, भागाकाराची मांडणीसुद्धा वेगळी. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. संध्याकाळी धाकटी जेवणाच्या टेबलावर तिला तिच्याच शाळेची गणितं समजावून सांगायची. सोडतीत नाव न लागलेली मुलगी नाव लागलेलीला शिकवते आहे, हे बघून हसावं की काय, कळायचं नाही. आणि त्याच सुमारास शाळेच्या फाटकाबाहेर एक बातमी फिरत होती. निळ्या स्कूटरवर येणारी एक आई आहे, तिला सगळं आधी कळतं. तिने सांगितलं की पहिल्या चाचणीचे निकाल आलेत आणि शिष्यवृत्तीवाली मुलंच गणितात मागे पडलीत. बाहेर राहिलेली पुढे. असंच निघालं तर योजना गुंडाळणार आणि मुलांना अर्ध्यातून घरी पाठवणार.

तेच धाकटीच्या कानावर गेलं असेल. मुलं काय ऐकतात आणि काय समजून घेतात, देव जाणे. तिला कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार.

तुझी,
बडबडी


सोमवार, २७ नोव्हेंबर

ताई,

ह्या वेळी कार्डावर एकच ओळ. "तिसरा प्रश्न राहिला." शाळेत तुझी मुलं तुला का घाबरत असतील ते मला आज कळलं.

दोन दिवस हा कागद समोर घेऊन बसते आणि उठते. आता लिहूनच टाकते. मीच.

मागच्या वर्षीच्या चाचणीची सकाळ. मी धाकटीची वेणी घालत होते. मोठी बाथरूममध्ये ओकत होती, कारण चाचणी तिचीही होती. फाटकावरची बातमी माझ्या डोक्यात आठ दिवस घोळत होती. मी म्हटलं, "सगळंच लिहायला पाहिजे असं काही नाही हं." ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, "तुझे फार जास्त आले आणि हिचे कमी, तर हिची शाळा सुटेल."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "किती चुकू?"

मुलीने आईला विचारलं, किती चुकू. माझ्या तोंडात वेणीचं रबर धरलेलं होतं. ते न काढताच मी म्हणाले, "बघ तुझं तू."

एवढंच बोलले. शपथ घेऊन सांगते, एवढंच. मला वाटलं, दोन-चार सोडून देईल. पुन्हा मी विषय काढला नाही, तिनेही नाही. निळा कागद आला तेव्हा मोठी वर आणि धाकटी खाली होती. तुला खरं सांगते, कारण आता अर्धं सांगून उपयोग नाही. तो कागद बघून मला हायसं वाटलं. मी तो घडी घालून कपाटात ठेवला आणि त्या रात्री गोड झोपले. मोठीच्या नशिबाला हात लागू नये म्हणून मी धाकटीच्या बुद्धीला हात लावला आणि मला झोप लागली.

शाळेतसुद्धा ती तेच करते आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. काल तिला जवळ घेऊन विचारलं, चाचणीचं ठीक, पण शाळेत का? तिने मला समजावून सांगितलं, मोठीला भागाकार समजावते तशा आवाजात. "तिकडे चूक आणि इकडे बरोबर असं केलं तर त्यांना कळेल ना. सगळीकडे सारखं पाहिजे." वर्षभर, ताई. रोजच्या रोज, प्रत्येक वहीत. आणि कधी चुकून बरोबर लिहिलं तर खोडायची. तिच्या वहीत खोडलेली सगळी उत्तरं बरोबर आहेत. मी ती आता एकेक उजेडात धरून पाहिली.

मी तिला सांगितलं, आता पुरे, आता सगळं नीट लिही. शनिवारी पुन्हा चाचणी आहे. तिने मान हलवली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. लिफ्टच्या दुरुस्त्या करून येतात, बूट काढता काढता विचारतात, "पोरी ठीक?" मी म्हणते, ठीक.

वाटतं, आता योजनेवाल्यांना सांगून टाकलं तर ते मोठीला काढून टाकतील. नाही सांगितलं तर धाकटी जिन्याखाली जाईल. दोन्ही बाजूंनी माझाच हात दिसतो.

बडबडी


रविवार, १० डिसेंबर

ताई,

शुक्रवारी चाचणीवाल्या बाईंचा निरोप आला, धाकटीला घेऊन कार्यालयात या. कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या आणि टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी कठडा धरून जिना चढत होते. धाकटी माझ्या पुढे दोन पायऱ्या, शांत. तिला वाटत होतं, तिने काम नीट केलंय म्हणून बोलावलंय. कुठलं काम, हे मी विचारलं नाही.

बाई माझ्याच वयाच्या. चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी धाकटीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मागच्या वर्षीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक प्रश्नाला चार गोल, एक रंगवायचा.

"चाळीस प्रश्न," त्या म्हणाल्या. "एकवीस बरोबर, एकोणीस चूक. आता चुका बघा. प्रत्येक ठिकाणी बरोबर उत्तराच्या लगेच खालचा गोल रंगवलाय. बरोबर उत्तर शेवटचं असेल तिथे पहिला. एकोणीसच्या एकोणीस. इतकं नेमकं चुकायला सगळं यावं लागतं. ही मुलगी चुकत नव्हती, चुकवत होती."

मी तिथेच सगळं ओकले. वेणी, रबर, फाटक, निळी स्कूटर. मध्येच रडले, मध्येच मोठीची जागा काढू नका म्हणून हात जोडले. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं की ह्या निकालावरून मुलांना काढतात? घेतलेल्या मुलांना शेवटपर्यंत ठेवायचं असा करारच आहे. तुम्हीच सही केली आहे त्यावर. आम्ही नुसतं मोजतो. आणि नव्या शाळेत पहिल्या वर्षी मुलं मागे पडली, तर घाबरू नका असं आम्ही सगळ्यांना सांगणारच होतो. सावरतात बरीचशी. तुमची मोठी सावरलीच की."

म्हणजे मोठीची जागा कधी धोक्यात नव्हतीच. एक दिवससुद्धा नाही.

मी म्हटलं, मग झालं ना बाई. ह्या वर्षी तिला मी सांगितलंय नीट लिही म्हणून. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी दुसरी उत्तरपत्रिका काढली. "म्हणूनच तुम्हाला बोलावलं," म्हणाल्या. "ह्या वर्षीही तेवढेच चुकलेत. पण ह्या वर्षीच्या चुका विखुरलेल्या आहेत. वर, खाली, कुठेही. दोन सोडून दिलेत, एका ठिकाणी दोन गोल रंगवलेत. ह्यात मला काही हिशोब सापडत नाही."

मला समजलं नाही, की समजून घ्यायचंच नव्हतं. त्यांनी धाकटीला आत बोलावलं. तिला खुर्चीवर बसवून गोड आवाजात विचारलं, "पाऊण मोठं की दोन तृतीयांश?"

धाकटीने आधी बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. प्रश्नाकडे बघावं तशी माझ्या तोंडाकडे बघत होती, बराच वेळ. मग म्हणाली, "तुम्हाला कुठलं पाहिजे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. अपूर्णांक, टक्के, क्षेत्रफळ. जुनं तिला येतं, सगळं येतं, पडद्याचा हिशोब ती झोपेत करेल. पण ह्या वर्षी वर्गात जे शिकवलं त्यातलं जवळजवळ काहीच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. चुकायचंच आहे तर ऐकायचं कशाला, असं तिचं झालं असावं. मधल्या काळात वर्गबाईंनी तिला मागच्या बाकावर नेलं आणि विचारायचंही सोडलं.

मला ढोंगाची भीती होती. आता ढोंग नाही, ह्याची आहे. घरी येईपर्यंत तिने माझा हात धरला होता आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

बडबडी


रविवार, १७ डिसेंबर

ताई,

तुझं "पाठव" मिळालं. एवढा छोटा शब्द मी इतक्या वेळा कधी वाचला नव्हता.

ती मंगळवारी दुपारच्या गाडीने येते आहे. हे तिला पोचवायला येतील आणि त्याच संध्याकाळी परत निघतील. त्यांना सांगितलं मी सगळं. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, पण ते बराच वेळ पकडीला तेल लावत बसले आणि मग म्हणाले, "आणि मी कुठे होतो?" मोठीलाही सांगावं लागलं. तिने पहिलं विचारलं ते हे, "मागच्या वर्षी मी वर आले ते माझं होतं ना?" होतं, तिचंच होतं, बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण तिचा विश्वास बसायला वेळ लागेल. मी एकीची चूक केली आणि दुसरीचं बरोबरही डागाळून ठेवलं.

तीन आठवडे आहेत. दहाची परीक्षा तिला जमेल की नाही, मला माहीत नाही. वर्गबाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, पण मुलगी दहाला जे लिहील ते मी स्वतः तपासेन. एवढं पुष्कळ झालं.

सोबत तिच्या वह्या देते आहे. खोडलेलं सगळं वाच. जेवायला ती त्रास देत नाही. प्रश्न विचारलास तर आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघेल, तेव्हा शक्य असेल तर पाठमोरी होऊन विचार. भाजी चिरता चिरता विचार.

त्या दिवशी तू म्हणाली होतीस, दोघींना घेत नसतील तर एकीची जागा परत कर, नाहीतर पोरी एकमेकींशी मोजल्या जातील. आणि मी म्हणाले होते, तुला मूल असतं तर कळलं असतं. ते मी इतके दिवस लिहायला टाळलं. मला क्षमा कर असं म्हणायचा तोंडपुरता हक्कही मला नाही, तरी म्हणते. मूल मलाच होतं, आणि कळलं तुलाच होतं.

आता एकच मागणं. काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिचे कपडे भरत होते. ती शेजारी बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. म्हणाली, "मावशीकडे सगळं बरोबर लिहायचं?"

मी म्हटलं, "हो. सगळं."

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेतही. येईल तेवढं सगळं."

"नक्की?"

"नक्की गं राणी."

तिने मोजे खाली ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली, तशीच, कार्यालयात बघत होती तशी. मी हसायचा प्रयत्न केला, ते आणखी वाईट झालं असावं. मग ती अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "तू मावशीला सांग, मला सांगायला. मावशीने सांगितलं तर मी लिहीन."

म्हणून तुला लिहिते. ती दारात आली की पिशवी घ्यायच्या आधी, पाणी द्यायच्या आधी तिला ते सांग. माझं नाव घेऊ नकोस.

बडबडी